क्षमा मिळाली, तलवार राहिली



ख्रिस्ती धर्माबद्दल बाहेरच्या माणसाला एक गोष्ट हमखास ठाऊक असते. पाप कबूल करावे, मनापासून पश्चात्ताप करावा, आणि देव क्षमा करतो. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला, आणि मराठी माणसाच्या तोंडी तर तो फार लवकर येतो: क्षमा झाली ना, मग भोग का सुटत नाहीत? चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्याला कॅन्सर होतो, त्याचे मूल दगावते, त्याने तरुणपणी केलेल्या उधळेपणाची झळ म्हातारपणी त्याच्या घराला लागतच राहते. या प्रश्नाची दोन उत्तरे वर्षानुवर्षे दिली गेली आहेत. पहिले असे, की क्षमा पुरती झालीच नव्हती, श्रद्धेत काही कमी पडले. दुसरे असे, की देव बापासारखा शिस्त लावतो आहे. पहिले उत्तर निर्दय आहे आणि बायबलच्याच आधाराने ते टिकत नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण लोक त्याच्यावर जेवढा भार टाकतात तेवढा ते पेलत नाही. आज मला मांडायचे आहे ते असे: क्षमा ज्याला मिळते तो आणि पापाचे परिणाम ज्यांना सोसावे लागतात ते, हे बहुतेक वेळा एकच नसतात. देव आणि पापी यांच्यातला तुटलेला संबंध क्षमेने जोडला जातो. दुःख मात्र तोवर दहा घरांत वाटले गेलेले असते. क्षमेसरशी ते पुसले गेले असते, तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे गाऱ्हाणेही पुसले गेले असते. या मांडणीतही न बसणारे दुःख आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

या प्रश्नाचा विचार करणारे अनेक ख्रिस्ती पंडित फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या ११व्या आणि १२व्या अध्यायात ती आहे. राजे मोहिमेवर निघतात त्या ऋतूत दावीद राजा स्वतः यरुशलेमात राहिला आणि सैन्य सेनापती यवाबाबरोबर अम्मोन्यांच्या राब्बा शहराला वेढा घालायला गेले. वाड्याच्या गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. ती उरीया हित्ती या त्याच्याच सैनिकाची बायको. त्याने तिला आणवले, तिला दिवस गेले, आणि मग झाकपाक सुरू झाली. उरीयाला आघाडीवरून बोलावून घरी जाण्याचा आग्रह केला. तो वाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला दारू पाजली. तरी तो घरी गेला नाही. तेव्हा दावीदाने यवाबाला पत्र लिहिले, की याला लढाई घनघोर असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. उरीया मेल्याची बातमी आली तेव्हा राजाने यवाबाला दिलासा पाठवला: तलवार काय, आज याला खाते, उद्या त्याला. पुढे नाथान संदेष्टा आला, एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याने राजाला त्याच्याच तोंडून दोषी ठरवले, आणि दावीद म्हणाला, मी पाप केले. नाथानाचे उत्तर मुळातून वाचण्यासारखे आहे. एका दमात तो तीन गोष्टी सांगतो: देवाने तुझे पाप दूर केले, तू मरणार नाहीस, पण तुला झालेला मुलगा मरेल. त्याआधीच त्याने सांगून ठेवले होते, की तलवार तुझ्या घरातून कधी जाणार नाही. जिच्या नावावर दावीदाने उरीयाचे मरण खपवले, तीच तलवार.

इथून पुढचे आठ अध्याय लोक घाईने वाचतात, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार केला. दावीद फार रागावला, असे हिब्रू पाठ सांगतो, आणि पुढे काहीच घडत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात एक वाक्य जादा आहे: अम्नोन थोरला आणि लाडका म्हणून राजाने त्याला दुखावले नाही. पण दुसऱ्याची बायको उचलून आणणारा बाप मुलाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार होता, हेही वाचकाच्या मनात येतेच. बापाने न्याय केला नाही म्हणून तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे दबा धरून बसला आणि त्याने अम्नोनाला मारले. मग अबशालोमाचे बंड झाले. त्याने बापाच्या उपपत्नी उघड्यावर, गच्चीवर तंबू ठोकून, आपल्याशा केल्या. हा सल्ला त्याला अहीथोफेलाने दिला. अहीथोफेल दावीदाचा सर्वांत हुशार मंत्री. तो का फुटला हे पुस्तक सांगत नाही. मात्र एके ठिकाणी बथशेबेच्या बापाचे नाव अलीयाम असे येते, आणि बऱ्याच पुढे वीरांच्या यादीत अलीयाम हा अहीथोफेलाचा मुलगा म्हणून येतो. दोन्ही अलीयाम एकच असतील, तर गच्ची सुचवणारा हा म्हातारा बथशेबेचा आजोबा होता. हा तर्क आहे, पण पोकळ नाही. आणि यवाब? राजाची खुनाची चिठ्ठी ज्याने वाचली आणि अमलात आणली, त्याला राजा पुढे आवरू शकला नाही. अबशालोमाला जपा असा स्पष्ट हुकूम असताना यवाबाने झाडाला लटकलेल्या त्या मुलाच्या काळजात तीन भाले खुपसले.

म्हणजे नाथानाने सांगितलेली तलवार आकाशातून पडली नाही. ती एका न दिलेल्या न्यायातून आली, कदाचित एका अपमानित कुटुंबातून आली, गुन्ह्यात सामील करून घेतलेल्या एका सरदाराच्या हातातून आली. देवाने दावीदाला क्षमा केली. तामारने, अहीथोफेलाने, यवाबाने ती क्षमा ऐकल्याचेही कुठे लिहिलेले नाही, आणि त्यांचे आयुष्य तिच्यामुळे बदलायचे काही कारण नव्हते. यावर कोणी म्हणेल, की तुम्ही हे आजच्या समाजशास्त्राने वाचता आहात, ग्रंथकार तर सरळ म्हणतो की देवाने हे घडवले. तो म्हणतो हे खरे. जुन्या इस्राएलचा इतिहासकार शेवटचे कारण देवाच्याच पदरात टाकतो, त्याला दुसरी रीत ठाऊक नाही. पण देवाने केले असे म्हणून तो थांबत नाही. कोण कोणावर का चिडले, कोणी कोणते पत्र नेले, कोण कुठल्या छपरावर गेले, हे तो एवढ्या बारकाईने देतो की देवाचा निवाडा कोणत्या वाटांनी चालत आला ते आपल्याला दिसावे. तालमूदात या सगळ्याचा हिशेब मांडला आहे. मेंढीच्या मोबदल्यात चौपट द्यावे असे दावीद नाथानाला म्हणाला होता, म्हणून चौपट वसूल झाले: ते मूल, अम्नोन, तामार, अबशालोम. हिशेब जुळतो खरा. फक्त यात तामार ही वसुलीची एक रक्कम झाली, आणि ज्याच्याकडून वसुली झाली त्याच्यापेक्षा तिनेच जास्त दिले.

उरीयाचे काय झाले ते पाहिल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. दावीदाच्या पश्चात्तापाचे म्हणून जे ५१वे स्तोत्र परंपरेने मानले आहे, त्यात तो देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराधी आहे. भक्तीच्या दृष्टीने ओळ थोर असेल. पण बथशेबेच्या आणि उरीयाच्या बाजूने ती वाचली की अंगावर काटा येतो, कारण मथळा सोडला तर संपूर्ण स्तोत्रात त्यांचा मागमूस नाही. क्षमेची गोष्ट तेवढीच असती, तर देव आणि राजा यांच्यात परस्पर तडजोड झाली आणि मेलेला तिसरा माणूस गहाळ झाला, असे म्हणावे लागले असते. बायबल हे होऊ देत नाही. दावीदाच्या शूर वीरांची यादी शमुवेलाच्या त्याच पुस्तकाच्या अखेरीस येते. त्यात शेवटचे नाव उरीया हित्ती, आणि मग एकूण ३७ अशी बेरीज. पुढे मत्तय येशूची वंशावळ लिहितो. तिथे दावीदाचा पुढचा मुलगा शलमोन याच्या आईचा उल्लेख करताना तो बथशेबा हे नाव वापरतच नाही, उरीयाची बायको एवढेच म्हणतो. दावीद क्षमा मिळालेला, शलमोन देवाचा लाडका, ख्रिस्त त्याच वंशातला, आणि तरी शतके उलटल्यावर, शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर, ती बाई उरीयाचीच राहते. क्षमेने नोंद बदलली नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने तत्त्वज्ञानाच्या भाषेत हेच सांगितले: देव सर्वशक्तिमान असला तरी घडलेले न घडलेले करणे ही गोष्टच परस्परविरोधी आहे, म्हणून ती देवाच्या शक्तीच्या कक्षेत येत नाही. त्याच्या दोनशे वर्षे आधी पीटर दामियानी या तापट संन्याशाने याउलट बाजू हिरिरीने लढवली होती, पण चर्चच्या विचाराने अक्वायनसचे बोट धरले.

आता पंडितांकडे वळू. इसवी सन ४१२च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत बिशप ऑगस्टीनपुढे हाच प्रश्न एका वेगळ्या रूपात आला. आदिपाप न मानणाऱ्या पेलागियसच्या बाजूचे लोक विचारत: मरण पापामुळे आले म्हणता, आणि बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते म्हणता, तर बाप्तिस्मा घेतलेले का मरतात? ऑगस्टीनने मार्केलिनुस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या ग्रंथात उत्तर दिले. क्षमेआधी जी पाप्यांची शिक्षा होती, ती क्षमेनंतर नीतिमानांची झुंज आणि कसरत होते. दुःख तेच, अर्थ बदलला. आणखी एक चतुर मुद्दा त्याने मांडला: बाप्तिस्म्याने मरण टळत असते तर लोक शरीर वाचवण्यासाठी रांगा लावून आले असते, श्रद्धेला जागाच उरली नसती. उदाहरण म्हणून त्यानेही दावीदच घेतला. ज्या मार्केलिनुसला हे सारे लिहिले, त्याचा पुढे ४१३ साली बंडात सामील असल्याच्या खोट्या संशयावरून शिरच्छेद झाला. ऑगस्टीनने त्याला वाचवण्याची धडपड केली, ती फुकट गेली. ज्याच्यासाठी त्याने उत्तर लिहिले त्यालाच ते कसाला लावावे लागले.

मध्ययुगात याच विचाराचा कायदा झाला. दोष वेगळा आणि दंड वेगळा. कबुलीजबाबानंतर दोष जातो, पण या जगातला किंवा मरणानंतरच्या शुद्धिस्थळातला काही दंड शिल्लक राहतो. शिल्लक म्हटली की तिचा भाव ठरतो, आणि भाव ठरला की बाजार भरतो. सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामासाठी दंडमाफीची पत्रे विकली गेली आणि १५१७ साली ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने नोव्हेंबर १५५१मध्ये मूळ भेद मात्र कायम ठेवला: दोषाबरोबर दंडही पूर्णपणे माफ होतोच असे म्हणणे चूक. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनला हे पटले नाही. दोष माफ आणि शिक्षा कायम, ही कसली क्षमा, असा त्याचा रोकडा सवाल. दावीदाचे मूल मेले ते वसुली म्हणून नव्हे, बापाने लावलेली शिस्त म्हणून, असे तो म्हणाला. दोन्ही पक्षांच्या पाचशे वर्षांच्या भांडणात एक गोष्ट समान आहे, आणि ती नजरेतून सुटते: उरलेले दुःख हे क्षमा मिळालेल्या माणसासाठी आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते त्याचे देणे वाटते, दुसऱ्याला त्याचा धडा. पण मेले ते मूल. त्याने काय फेडले, आणि त्याला काय शिकायचे होते? ग्रंथात त्याला नावसुद्धा नाही. ऑगस्टीन म्हणेल, तान्हे मूलही आदिपापाचे वाटेकरी असते. हे म्हणता येते, पण मग यहेज्केलाच्या १८व्या अध्यायाचे काय करायचे, जिथे मुलाने बापाच्या अपराधाचे ओझे वाहायचे नाही असे देवच ठणकावून सांगतो? माझ्या समजुतीप्रमाणे यहेज्केल आणि दावीदाची गोष्ट यांचा मेळ एकाच रीतीने बसतो. दोष बापाकडून मुलाकडे जात नाही. दुःख जाते. दुःखाच्या त्या प्रवासाला शिक्षा म्हटले, की निष्पाप माणूस आपोआप गुन्हेगारांच्या रांगेत उभा राहतो. रोमन कॅथलिक पंथाच्या १९९२च्या प्रश्नोत्तरीने या दिशेने बरेच पुढे पाऊल टाकले आहे. हा दंड म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड समजू नये, तो पापाच्या स्वभावातूनच येतो, असे तिथे म्हटले आहे. आणि पापमोचनाने पापाने केलेली सगळी मोडतोड दुरुस्त होत नाही, चोरीचा माल परत करावा लागतो, घालवलेली अब्रू भरून द्यावी लागते, असेही.

इथवर आपण पापातून निघालेल्या दुःखाबद्दल बोललो. जगातले पुष्कळ दुःख कोणाच्याच पापाला जोडता येत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हटले. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप याचे की आईबापांचे? दोघांचेही नाही, असे उत्तर मिळाले. योहानाच्याच शुभवर्तमानात याच्या विरुद्ध जाणारी एक जागा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी बरा झालेल्या माणसाला येशू बजावतो, की पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. म्हणजे पाप आणि दुःख यांचा संबंध कधीच नसतो, असे म्हणता येत नाही. संबंध असतो, दुःखाकडे बघून तो उलटा वाचता येत नाही, एवढेच. त्याच तळ्याच्या पाच पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे कितीतरी पडून होते, आणि बरा झाला एक. कफर्णहूमात छप्पर उस्तरून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू आधी म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली. त्याला बाजेवरून उठवतो ते नंतर, शास्त्र्यांनी आक्षेप घेतल्यावर, खूण म्हणून. मधल्या वेळात तो माणूस क्षमा मिळालेला आणि तरी लुळा असा पडून होता. शास्त्र्यांनी तोंड उघडले नसते तर तो तसाच राहिला असता काय, हा प्रश्न शुभवर्तमानकार मार्क आपल्याला विचारू देतो.

आपल्याकडचा श्रोता इथे हात वर करेल: हे तर प्रारब्धच झाले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांगितले आहे, की ज्ञान झाल्यावर संचित नष्ट होते, पण फळ द्यायला लागलेले कर्म भोगूनच संपते. कुंभाराचे फिरते चाक वेग संपेपर्यंत फिरणारच. साम्य ठळक आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. फरक मात्र मुळातला आहे. प्रारब्धात करणारा आणि भोगणारा एकच. जन्म बदलले तरी खाते एकाचेच. त्यामुळे दावीदाच्या मुलाचा प्रश्न तिथे पडतच नाही, त्याचेही मागचे काही असणार. ख्रिस्ती विचाराला ही सोय नाही. मागचा जन्म नाही, म्हणून निष्पापाचे दुःख निष्पापच राहते आणि ते उत्तराशिवाय समोर उभे राहते. तर्काच्या दृष्टीने ही ख्रिस्ती विचाराची दुबळी जागा आहे, हे मी मान्य करतो. पण जुळणाऱ्या हिशेबाची किंमत कोणी दिली, हेही विचारावे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वैधव्य हे मागच्या जन्मीच्या घोर पापाचे फळ, असे मानून विधवेला, मग ती पोर का असेना, कसे वागवले जाते, हे त्यांनी त्यात मांडले. ज्याला सोसावे लागते त्याच्याच माथी सोसण्याचे कारण मारायचे, ही ती युक्ती. आजारी बाईला तुझ्या कबुली न दिलेल्या पापामुळे हे झाले, असे सांगणारा ख्रिस्ती प्रचारकही तेच करतो, आणि त्याच्या बाजूने तर शिलोहाचा बुरूजही नाही.

उलट बाजूने तपासू. क्षमेबरोबर परिणामही पुसायचे ठरवले, तर काय होते? देव असे करत नाही, पण माणसांनी तसा एक प्रयोग केला आहे. वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत १९९५च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला. आर्चबिशप डेझमंड टुटू अध्यक्ष, कामकाजात प्रार्थना, तोंडी क्षमेची भाषा. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण माहिती देणाऱ्याला अभय मिळे, आणि अभय मिळाले की फौजदारीच नव्हे तर दिवाणी दावाही संपे. त्या राजवटीत मारले गेलेले स्टीव्ह बिको, वकील ग्रिफिथ्स म्क्सेंगे आणि रिबेरो दांपत्य यांच्या कुटुंबांनी या तरतुदीला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. जुलै १९९६मध्ये ते फेटाळले गेले. म्क्सेंगे यांचा १९८१ साली भोसकून खून करवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना १९९७मध्ये अभय मिळाले. ज्यांना आयोगाने पीडित ठरवले त्यांना पुढे २००३ साली सरकारने एकरकमी ३०,००० रँड देऊ केले. अभय म्हणजे ईश्वरी क्षमा नव्हे, आणि यादवी टाळण्यासाठी त्या देशाला दुसरा मार्ग होता की नव्हता यावर वाद होऊ शकतो. पण तो प्रयोग एक गोष्ट उघड करतो. गुन्हेगाराच्या बाजूचे परिणाम पुसले, की दुःख नाहीसे होत नाही, ते फक्त पीडिताच्या घरी मुक्कामाला जाते, आणि दाद मागायचे दारही त्याला बंद होते.

मग विचारणारा विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे: दुःख जिथल्या तिथे राहणार असेल, तर अशा क्षमेचा उपयोग काय? याचे उत्तर लूकने क्रुसाशी ठेवले आहे. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार. एक म्हणतो, तू ख्रिस्त असशील तर स्वतःला वाचव आणि आम्हालाही. दुसरा म्हणतो, आपण आपल्या कर्माचे फळ भोगतो आहोत, आणि मग येशूला एवढेच मागतो की माझी आठवण ठेव. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळते. त्याला क्रुसावरून कोणी उतरवत नाही. संध्याकाळी शिपायांनी दोघांचेही पाय मोडले, हे योहान सांगतो. वचनाआधीची आणि नंतरची वेदना सारखीच होती. बदलले ते इतके, की ती आता टाकून दिल्याची वेदना राहिली नाही. एवढे पुरे आहे काय, हे बाहेर बसून सांगता येणार नाही. पण पौलाचे पत्र वाचताना असे दिसते, की त्याला ते पुरले. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडांनी मारताना पौल संमती देऊन उभा होता. पुढे त्यालाही एकदा दगडांनी मारले. करिंथकरांना तो आपली यादी देतो: पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्या, एकदा धोंडमार, तीन वेळा गलबत फुटले. फेडीची कल्पना इतकी जवळ असताना तो ती उचलत नाही. आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, नकार मिळाला, आणि त्या नकाराचेही खापर त्याने जुन्या पापावर फोडले नाही. क्षमेने त्याच्यासाठी हे केले: दुःख आले, की देव माझ्यावर उठला आहे काय, असे दर वेळी विचारण्याची गरज उरली नाही.

हे मोठ्या माणसाचे झाले. तान्ह्या मुलाचे उत्तर यात नाही, हे मी आधीच म्हटले. दावीद सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला, मूल सातव्या दिवशी गेले, आणि मग तो उठला, न्हाला, जेवला; चाकर चक्रावले. पौल रोमकरांस लिहितो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसते आहे, आणि प्रकटीकरणाच्या अखेरीस सर्व अश्रू पुसले जाण्याचे वचन आहे. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा आजची आणि दुःखाचा शेवट उद्याचा, असा हा क्रम आहे. त्यावरचा सर्वांत कडक आक्षेप एका ख्रिस्ती लेखकानेच नोंदवला आहे. १८८० साली पूर्ण झालेल्या दस्तयेवस्कीच्या ‘ब्रदर्स करमाझव्ह’मध्ये इव्हान म्हणतो, की आईने स्वतःच्या दुःखाबद्दल हवी तर क्षमा करावी, पण मुलाने सोसलेल्या छळाबद्दल क्षमा करण्याचा तिला हक्क नाही, आणि अशा क्षमेवर उभारलेली अखेरची सुसंवादी सृष्टी मला नको. इव्हानला गप्प करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र तो ज्या क्षमेवर तुटून पडतो ती छळणाऱ्याला आणि छळलेल्याला एकाच मिठीत गुंडाळणारी क्षमा आहे. मत्तयाने उरीयाची बायको असे लिहिले, तेव्हा तशी क्षमा त्यानेही मान्य केली नव्हती.

यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, की माझे अर्धे धन गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. दावीदाने मेंढीसाठी सांगितला तोच आकडा, पण इथे तो ज्याचा त्याने स्वतःच्या खिशातून मोजला. येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळाले. ज्यांच्याकडून जक्कयाने जादा उकळले होते, त्यांच्याबद्दल गोष्ट पुढे काही सांगत नाही. पैसे परत मिळाल्यावर त्यांनी त्याला माफ केले की नाही, हे लूक लिहीत नाही.